उडीची सात मिनिटं

वर्गाला ती बातमी मंगळवारी सकाळी साडेदहाला कळली, आणि सांगितली ती मिस्त्रींनीच. सांगायचं असं काही ठरलं नव्हतं. बायकोला जाऊन नऊ दिवस झाले होते. ज्यांना कळवायचं त्यांना कळवून झालं होतं, येणारे येऊन गेले होते, मुलगीही कालच आपल्या घरी परतली होती. मागच्या खोलीतल्या टॅबलेटची आठवण मात्र कुणालाच राहिली नव्हती. आदल्या मंगळवारी तो वाजला असेल तरी भरल्या घरात कुणाला ऐकू गेला नसेल. आज घरात चिटपाखरू नव्हतं, आणि तो वाजायला लागला.

मिस्त्री आत गेले. पडद्यावर एक हिरवं बटण उड्या मारत होतं. सदतीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करण्यात गेलेली, बटण दिसलं की दाबायचं एवढंच हाताला माहीत. त्यांनी दाबलं.

पडद्यावर अकरा चौकोन उघडले. मधला सोडला तर प्रत्येकात एकेक पिकलेलं डोकं. मधल्या चौकोनात एक तरुण शिक्षिका होती. "अरे वा, आलात! मागच्या वेळी आम्ही तुमची वाट..." म्हणता म्हणता तिला मिस्त्रींचं टक्कल दिसलं आणि ती थांबली.

"मी तिचा नवरा," मिस्त्री म्हणाले. "ती गेली. मागल्याच्या मागल्या रविवारी. हार्टनं. हे वाजत होतं म्हणून उचललं."

"कोण गेली?" ऐकू कमी येणाऱ्या एक आजी ओरडल्या. "कुणाची बायको?"

तेवढ्यात खालच्या कोपऱ्यातल्या चौकोनातला माणूस पुढे वाकला. चापूनचोपून भांग पाडलेले पांढरे केस, इस्त्रीचा सदरा. तो म्हणाला, "उडी? आमची उडी गेली?"

आणि तो रडायला लागला. तोंड झाकून नाही, कॅमेऱ्यासमोर. मोठ्यानं.

मिस्त्री बघत राहिले. त्यांच्या स्वतःच्या चौकोनाखाली 'उडी' असं लिहिलेलं त्यांना तेव्हा दिसलं. म्हणजे ही उडी त्यांची बायको. त्रेचाळीस वर्षांत तिला या नावानं कुणी हाक मारलेली त्यांनी ऐकली नव्हती. आणि हा कोण इस्त्रीवाला, जो तिला आमची म्हणतो? मिस्त्री स्वतः अजून एकदाही असे रडले नव्हते. लोक म्हणत होते, धीराचा माणूस आहे. आणि इथे एक परका गृहस्थ त्यांच्या वाटणीचं रडून घेत होता.

शिक्षिकेनं सगळ्यांना एक मिनिट शांत बसायला सांगितलं. अकरा जणांनी डोळे मिटले. मिस्त्रींनी मिटले नाहीत. ते त्या कोपऱ्यातल्या चौकोनाकडे बघत होते.

हा वर्ग मुलीनं शोधला होता. साठीच्या पुढच्या लोकांसाठी, घरबसल्या, दहा आठवडे. श्वासाकडे लक्ष द्यायचं, सावकाश चालायचं, एका वेळी एकच गोष्ट करायची. मेंदूला त्याचा किती उपयोग होतो ते एक संस्था तपासत होती. बायकोनं दोनदा गॅस चालू ठेवला होता आणि एकदा नाकावरचा चष्मा घरभर शोधला होता, म्हणून मुलीनं आईचं नाव घातलं. "बाबा, तुम्हीपण बसा की," असंही ती म्हणाली होती.

"डोळे मिटून बसायला मला शिकवणी नको," मिस्त्री म्हणाले होते. "मी जेवल्यावर रोज बसतो."

मग बायको एकटीच बसायला लागली. दार लावून. "तुम्ही असलात की मला हसू येतं," असं तिनं कारण दिलं. मंगळवारी वर्ग असायचा, त्याचं मिस्त्रींना काही नव्हतं. दुखणं होतं ते गुरुवारचं. गुरुवारी तिला कुणाचा तरी फोन यायचा आणि पुन्हा दार लागायचं. आतून कधी हसण्याचा आवाज यायचा. कधी काहीच आवाज यायचा नाही, ते जास्त वाईट. मिस्त्रींनी त्या दाराच्या बिजागऱ्यांना एका महिन्यात तीनदा तेल घातलं, तेही गुरुवारी. तेल घालून झाल्यावर तिथंच चिंधीनं हात पुसत उभे राहायचे.

"काय बोलत होतीस एवढं?" ते नंतर विचारायचे.

"काही नाही हो, असंच."

"कोण आहे?"

"वर्गातले आहेत. सलून होतं त्यांचं. आम्हाला जोडीनं अभ्यास दिलाय."

यापुढे विचारणं शोभलं नसतं. या वयात बायकोला हे विचारायचं म्हणजे शेजारपाजारचे हसतील. मिस्त्रींनी विचारलं नाही, पण चहा घेताना, दाढी करताना, बाजारातून येताना त्यांच्या डोक्यात सलूनवाला असायचाच. कात्री घेऊन.

आणि आता त्यांनी त्याला पाहिलं होतं. रडताना.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी शिक्षिकेला फोन केला. "तिची जागा रिकामी आहे ना? मी बसतो."

शिक्षिका गडबडली. "बसा ना काका, पण तुमची सुरुवातीची चाचणी झालेली नाही. संस्थेच्या अभ्यासात तुमचे आकडे धरता येणार नाहीत."

"धरू नका. मी कुठं धरा म्हणतोय?"

"झोप लागत नाहीये का तुम्हाला?"

"नाही लागत," मिस्त्री म्हणाले. ते खरं होतं, पण कारण ते नव्हतं. "आणि जोडीचा अभ्यास असतो म्हणे. ज्याची जोडी मोडलीय त्यालाच मला जोडून द्या."

"हो, तेच बरं होईल," शिक्षिका मऊ आवाजात म्हणाली. "दोघांचंही माणूस गेलंय."

मिस्त्रींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दोघांचंही! पण काम व्हायचं होतं म्हणून ते गप्प बसले. संध्याकाळी मुलीला कळलं तेव्हा ती फोनवर रडवेली झाली. "बाबा, बरं झालं. आईला किती आवडलं असतं." त्यावर मिस्त्रींना थोडी लाज वाटली. फार नाही.

शिक्षिकेनं जोडीचे नियम लिहून पाठवले होते. एकानं सात मिनिटं बोलायचं. दुसऱ्यानं फक्त ऐकायचं, मधे तोंड घालायचं नाही, सल्ला द्यायचा नाही, उपाय सुचवायचा नाही. वेळ संपल्यावर ऐकलेल्यातली एकच गोष्ट परत म्हणून दाखवायची. मग अदलाबदल. आणि ऐकलेलं दुसऱ्या कुणाला सांगायचं नाही.

गुरुवारी सलूनवाल्याचा फोन आला. पडद्यावर तो जवळून आणखी नीटनेटका दिसत होता.

"नमस्कार," तो म्हणाला आणि मिस्त्रींच्या डोक्याकडे बघून हसला. "तुमच्यासारखी गिऱ्हाइकं असती तर मी उपाशी मेलो असतो."

मिस्त्री हसले नाहीत. "सुरू करा," म्हणाले.

सलूनवाला बोलायला लागला. "चाळीस वर्षं मी गिऱ्हाइकांचं डोकं खाल्लं. हातानं कापायचो आणि तोंडानं खायचो. आता सात मिनिटं तोंड मिटायला शिकतोय." मग त्यानं दुकान बंद झालं त्या दिवसाची गोष्ट सांगितली. एका बँकवाल्याचे केस कापत होता. उजवी बाजू झाली आणि हा कात्री ठेवून समोरच्या टपरीवर चहा प्यायला गेला, आणि बसला गप्पा मारत. अर्ध्या तासानं बँकवाला गळ्यात कापड, अर्धं डोकं कापलेलं, रस्ता ओलांडून आला. "म्हणतो कसा, अहो, डावीकडचे उद्या कापणार का?" सलूनवाला स्वतःच खळखळून हसला. "मुलानं त्याच दिवशी शटरला कुलूप घातलं."

मिस्त्रींचं निम्मं लक्ष घड्याळाकडे होतं. टण्ण झालं तसं त्यांनी "बँकवाला" एवढंच परत म्हटलं आणि आपली सात मिनिटं सुरू केली.

"मला काही सांगायचं नाही, विचारायचंय. ती तुमच्याशी काय बोलायची? पाच गुरुवार दार लावून बोलायची. उडी म्हणजे काय? तुम्ही ठेवलं हे नाव? मी तिचा नवरा आहे. मला माहीत नाही ते तुम्हाला माहीत, असं कसं चालेल?"

सलूनवाला ऐकत राहिला. नियमच होता, ऐकणाऱ्यानं बोलायचं नाही. मिस्त्री चिडले, मग अजून चिडले, मग सलूनवाल्याच्या इस्त्रीवरही बोलले. सात मिनिटं संपली तेव्हा ते धापा टाकत होते.

"तुम्ही म्हणालात," सलूनवाला हळूच म्हणाला, "की ती दार लावून बोलायची."

"मग? पुढे?"

"एकच गोष्ट परत म्हणायची असते."

मिस्त्रींनी फोन बंद केला. घरभर फेऱ्या मारल्या. शेवटी मागच्या खोलीत जाऊन उभे राहिले आणि छताकडे पाहिलं. बायको एकदा म्हणाली होती, या खोलीत संध्याकाळी उदास वाटतं. म्हटल्यावर मिस्त्री उठले होते, आणि रात्री आठच्या आत त्यांनी मोठी ट्यूब बसवली होती. खोली दुकानासारखी लखलखली. ती म्हणाली होती, "छान." गुडघा दुखतो म्हणाली तर त्यांनी मलम आणलं, जिना चढवत नाही म्हणाली तर कठडा ठोकला. तिनं नुसतं 'अगबाई' म्हटलं तरी यांच्या हातात पेचकस. पुढे पुढे ती 'असंच' म्हणायला लागली. मिस्त्रींना वाटायचं, काही बिघडलेलं नाही.

पुढच्या गुरुवारी सलूनवाल्यानं सात मिनिटांत बँकवाल्याची गोष्ट सांगितली. तीच. "अहो, डावीकडचे उद्या कापणार का?" आणि तसंच खळखळून हसला. मिस्त्रींना वाटलं, मुद्दाम करतोय. आपल्याला खिजवतोय. त्यांनी त्या दिवशी आपली सात मिनिटं गप्प बसून काढली, तोंड फिरवून. सलूनवाल्यानं तेही ऐकलं आणि शेवटी म्हणाला, "तुमच्याकडे बाहेर कुणीतरी फरशी कापतंय."

तिसऱ्या गुरुवारी तो म्हणाला, "चाळीस वर्षं मी गिऱ्हाइकांचं डोकं खाल्लं. हातानं कापायचो आणि..."

"तोंडानं खायचो," मिस्त्री मधेच म्हणाले. नियमबियम गेला खड्ड्यात. "बँकवाला, अर्धं डोकं, डावीकडचे उद्या. तिसऱ्यांदा सांगताय. माझी चेष्टा करताय का?"

सलूनवाल्याचा चेहरा एकदम रिकामा झाला.

"तिसऱ्यांदा?"

"तिसऱ्यांदा."

मागून बाईचा आवाज आला, त्याची सून असावी. "बाबा, गोळी घेतली का? डबीवर चिठ्ठी लावलीय बघा." त्यानं नुसता हात हलवला. मग तो बोटांवर गुरुवार मोजायला लागला.

"मग उडीलाही मी हीच सांगितली असणार," तो म्हणाला. "पाच गुरुवार. ती कधी म्हणाली नाही हो. दर वेळी हसायची. असं हसायची की मला वाटायचं, आज पहिल्यांदाच सांगतोय."

मिस्त्रींना ते हसणं आठवलं. दाराच्या या बाजूनं ऐकलेलं. त्या हसण्यापायी त्यांनी बिजागऱ्यांना तेल घातलं होतं. आता कळलं की ती एका म्हाताऱ्याची शिळी गोष्ट पाचव्यांदा ऐकून हसत होती. मत्सर कमी व्हायला हवा होता. झाला नाही. उलट त्यांना वाटलं, माझ्या शिळ्या गोष्टींना ती कधी अशी हसली? आणि मग लगेच वाटलं, मी सांगितली कधी?

"ऐका," सलूनवाला म्हणाला. "तिचं तिचं आहे, मी सांगणार नव्हतो. पण ते माझ्या डोक्यात ठेवलंय आणि डोकं हे असं. माझ्याकडे फार दिवस राहायचं नाही. लावा घड्याळ. या सात मिनिटांत मी तिचंच बोलतो. तुम्ही मधे यायचं नाही."

मिस्त्रींनी घड्याळ लावलं. आणि जन्मात पहिल्यांदा ते हलले नाहीत.

"उडी नाव तिचं तिनंच घेतलं. वर्गात खरं नाव नको, आवडेल ते घ्या म्हणाले होते. ती नऊ वर्षांची असताना पाण्याच्या टाकीच्या भिंतीवरून खाली वाळूच्या ढिगात उडी मारली होती तिनं. भावानं पैज लावली म्हणून. घरात कुणाला कळलं नाही. म्हणाली, तेवढा वेळ मी हवेत होते, तेवढा वेळ मी कुणाचीच नव्हते." त्यानं कपाळ चोळलं. "आणखी काय... लग्नाआधी एक जण सायकल घेऊन कोपऱ्यावर थांबायचा. बोलला कधीच नाही. नुसता घंटी वाजवायचा. ती घंटी अजून कानात आहे म्हणाली. मग तो कुत्रा. नवरा कामावरून आला की कुत्रा जिन्यापर्यंत धावायचा, त्यावरूनच तिला कळायचं की आला. मग... हां, हॉस्पिटल. ती हॉस्पिटलात होती. रात्री नवरा तासभर शेजारी बसला होता, हात धरून. एक शब्द बोलला नाही, काही केलं नाही, नुसता हात धरून बसला. म्हणाली, सगळ्या संसारात मला तो एक तास पुरला."

टण्ण झालं.

एकच गोष्ट परत म्हणायची होती. ते म्हणाले, "आमच्याकडे कुत्रा नव्हता."

"नव्हता?"

"कधीच नव्हता. तिला कुत्र्यांची भीती वाटायची."

सलूनवाला विचारात पडला. "मग तो आमचा असेल," तो म्हणाला. "आमच्याकडे होता. काळा. माझी बायको सांगायची, मी आलो की..." तो थांबला.

"मग बाकीचं?" मिस्त्रींनी विचारलं. "बाकीचं कुणाचं?"

"उडीचंच," सलूनवाला म्हणाला. मग आणखी हळू, "बहुतेक."

त्या दिवशी मिस्त्रींना जेवण गेलं नाही. टाकीवरची उडी तिचीच, त्यात शंका नव्हती, नावच तसं होतं. कुत्रा सलूनवाल्याचा. मधे राहिले सायकलवाला आणि तो एक तास. मिस्त्रींनी मनातल्या मनात वाटणी करून टाकली. सायकलवाला सलूनवाल्याच्या बायकोचा, हात आपला. वाटणी फार सोयीची होती, हे त्यांनाही कळत होतं. घंटी वाजवणारा कुणी तरी आपल्या बायकोच्या कानात त्रेचाळीस वर्षं राहिला असेल, हे त्यांना सहन होण्यासारखं नव्हतं. आणि तो हात दुसऱ्या कुणी धरला असेल, दुसऱ्या कुणाच्या बायकोचा असेल, हे त्याहून सहन होण्यासारखं नव्हतं. कारण तसं असेल तर त्यांच्या वाट्याला काय उरलं? ट्यूबलाइट.

पण त्यांना तो तास आठवत नव्हता. बायकोसारखं त्यांनी डोळे मिटून बसून बघितलं. श्वास आत, श्वास बाहेर, शिक्षिका सांगायची तसं. हात काही आठवेना. शेवटी त्यांनी मुलीला फोन लावला.

"आई हॉस्पिटलात कधी कधी होती गं?"

"दोनदा ना. एकदा पित्ताशयाच्या ऑपरेशनला."

"तेव्हा मी तिच्याजवळ बसलो होतो का?"

मुलगी हसली. "बाबा! तेव्हा हॉस्पिटलची लिफ्ट अडकली होती आणि तुम्ही गच्चीवर लिफ्टच्या मशीनरूममध्ये होतात. आई शुद्धीवर आली तेव्हा तुमच्या हाताला ग्रीस होतं. आम्ही किती हसलो होतो. आईच सांगायची सगळ्यांना."

"आणि दुसऱ्यांदा?"

"दुसऱ्यांदा म्हणजे माझ्या वेळी. त्या वेळी तुम्ही कुठं बसला होतात ते मी कसं सांगू? मी जन्मत होते." मग तिचा आवाज बदलला. "का हो बाबा? काय झालं?"

"असंच," मिस्त्री म्हणाले.

एकेचाळीस वर्षं झाली होती त्याला. त्यांना कॉरिडॉर आठवत होता, हिरवा पडदा आठवत होता, दुसऱ्या मजल्यावर लिफ्टचं दार नीट लागत नव्हतं तेही आठवत होतं. मुलगी पहाटे झाली हे आठवत होतं. मधला वेळ मात्र कुठं गेला कुणास ठाऊक. तो हात त्यांनी धरला असेल आणि तेच विसरले असतील, किंवा धरलाच नसेल. चाचणी घेणाऱ्या संस्थेनं आपले आकडे धरले नाहीत ते बरंच झालं, असं त्यांना वाटलं.

दहावा आठवडा झाला, वर्ग संपला. शेवटच्या दिवशी शिक्षिका म्हणाली, विसरणं थांबतं असा आमचा दावा नाही, पण लक्ष देणं कुठल्याही वयात शिकता येतं. सगळ्यांनी हात हलवले. चौकोन एकेक करून मिटले. मिस्त्रींनी आपल्या चौकोनाखालचं नाव बदललं नव्हतं, कुणी बदलायला सांगितलंही नव्हतं.

गुरुवारचा फोन मात्र चालू राहिला. सलूनवाल्याच्या डबीवर सून आता गोळीच्या चिठ्ठीशेजारी 'गुरुवार, मिस्त्री' अशीही चिठ्ठी लावते. तो अजून बँकवाल्याची गोष्ट सांगतो. मिस्त्री ती ऐकतात. हसतात म्हणता येणार नाही, पण मधे बोलत नाहीत. कधी कधी त्याला मधेच आपली बायको आठवते, आणि मग मिस्त्री श्वास रोखून ऐकतात, त्यात हॉस्पिटल येतं का म्हणून. अजून आलेलं नाही. आणि मग आपली सात मिनिटं आली की ते ट्यूबबद्दल बोलतात, कठड्याबद्दल बोलतात, ग्रीसबद्दल बोलतात. सलूनवाला एक गोष्ट परत म्हणतो. पुढच्या गुरुवारी त्याला ती आठवत नसते, म्हणून मिस्त्री पुन्हा सांगतात.

मत्सर गेलेला नाही. पाच गुरुवार तिचे त्याला मिळाले, ते त्याचेच राहणार. तो विसरला तरी.

एकच प्रश्न विचारायचा आहे. तुमची बायको कधी हॉस्पिटलात होती का, तुम्ही तिचा हात धरून बसला होतात का. एका वाक्याचं काम आहे. सलूनवाल्याला आठवलं नाही तर सून शेजारीच असते, तिला विचारलं तरी कळेल. मिस्त्रींनी त्या दोघांपैकी कुणालाही अजून विचारलेलं नाही.